परिशिष्टरावांचा मूकाभिनय

परिशिष्टरावांच्या हातचा अर्ज आजवर कुठल्याही खिडकीवरून परत आलेला नव्हता. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता, की लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी बायकोने सहज विचारलं, "आयुष्यात काय कमावलं म्हणायचं आपण?" तेव्हा त्यांनी हेच उत्तर दिलं. बायको पुढे दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

परिशिष्टराव हे नाव अर्थात आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. जमीन नोंदणीच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. कुठलंही नवं परिपत्रक आलं की बाकीचे पहिलं पान वाचून जांभई देत, आणि हे थेट शेवटचं परिशिष्ट उघडत. नाव कचेरीने ठेवलं, तिथून ते इमारतीत आलं, आणि आता तर दूधवालाही त्याच नावाने बिल करी.

तर अशा माणसाच्या घरी विद्यापीठाचं पत्र आलं. एकुलती एक मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला जाणार होती आणि त्या वर्षाची फी दीडपट झाली होती. शिकवण्याची फी तशी तेवढीच होती, वाढ झाली होती ती तिच्या सोबतच्या गोतावळ्यात. विकास शुल्क, विकास देखभाल शुल्क, संगणक शुल्क, आणि ग्रंथालयात आवाज होऊ नये म्हणून शांतता शुल्क. परिशिष्टरावांनी पत्र आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग ते स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा फेऱ्या मारू लागले. काळजी लागली की त्यांचे पाय आपोआप चालू होत आणि कुणी सांगितल्याशिवाय थांबत नसत.

"बाबा, बसा ना," मुलगी म्हणाली. "मी एक वर्ष थांबते. औषधाच्या कारखान्यात तपासनिसाची जागा आहे. पैसे साठवते आणि पुढच्या वर्षी करते पूर्ण."

परिशिष्टराव बाल्कनीच्या दारातच थबकले. 'एक वर्ष थांबणे' म्हणजे काय असतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांच्या कचेरीतल्या मागच्या खोलीत एक वर्ष थांबलेल्या फायलींची तीन कपाटं होती, आणि त्यातल्या निम्म्या फायली ते नोकरीला लागायच्या आधीपासून थांबलेल्या होत्या. त्यांना पोरीची फाईल तिथे नको होती.

मग त्यांनी विद्यापीठाचं माहितीपुस्तक काढलं आणि अर्थातच शेवटून वाचायला घेतलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला, कारण बाहेरून परिशिष्टराव "सापडलं!" म्हणून ओरडले होते. पान एक्केचाळीसवर तळटीप होती. एकाच कुटुंबातल्या दोन व्यक्ती एकाच वेळी विद्यापीठात शिकत असतील, तर ज्याची फी जास्त त्याला एक तृतीयांश सवलत.

"पण आपल्याला दुसरं मूल कुठंय?" बायको म्हणाली.

"नियमात मूल म्हटलेलंच नाही. व्यक्ती म्हटलंय." परिशिष्टरावांनी चष्मा काढून पुसला. "मी व्यक्ती आहे."

बायको पडलेलं भांडं उचलायला आत गेली.

आता प्रश्न होता सगळ्यांत स्वस्त अभ्यासक्रमाचा. परिशिष्टरावांनी एकशे बारा अभ्यासक्रमांचा तक्ता केला. कुठे प्रयोगशाळेचा खर्च, कुठे पुस्तकांचा, कुठे अभ्यास सहलीचा. अखेर बोट एका ओळीवर थांबलं. मूकाभिनय, प्रमाणपत्र, एक वर्ष, रोज संध्याकाळी सहा ते साडेसात. साहित्य शुल्क: निरंक. कारण त्या विषयात दोर, भिंत, शिडी, छत्री असं सगळं साहित्य काल्पनिक असतं, आणि त्यावर शुल्क लावायची कल्पना विद्यापीठाला अजून सुचलेली नव्हती.

बातमी इमारतीत पसरायला जिन्याचे दोन टप्पे पुरले. तळमजल्यावरचा औषधवाला म्हणाला, "साहेब, मूकाभिनय म्हणजे तोंडाला पांढरा रंग. त्याने पुरळ येतं. मलम आत्ताच नेऊन ठेवा." समोरच्या घरातले निवृत्त ड्रिलमास्तर म्हणाले, "अभिनयबिभिनय सब झूट. गुडघे बघू तुमचे." आणि दारातच त्यांनी परिशिष्टरावांना सहा बैठका मारायला लावल्या. चौथ्या बैठकीत कुठेतरी कट्कन वाजलं. दोघांनीही तो आवाज दाराचा होता असं ठरवलं.

नियमाची दुसरी बाजूही परिशिष्टरावांनी वाचली होती, आणि तीच त्यांना टोचत होती. सवलत घेणाऱ्या कुटुंबातला कुणी नापास झाला किंवा त्याची हजेरी तीन चतुर्थांशाच्या खाली गेली, तर सवलतीची सगळी रक्कम दंडासह एकरकमी भरायची. ती भरेपर्यंत दुसऱ्याचा निकाल राखून ठेवायचा. थोडक्यात, परिशिष्टराव नापास झाले तर मुलगी पास होऊनही पास नाही.

मुलगी अर्जावर सही करताना म्हणाली, "माझी एकच अट आहे. विद्यापीठात मला हाक मारायची नाही. ओळख दाखवायची नाही. आमच्या वर्गातल्या कुणाला हे कळायला नको."

"हे म्हणजे?"

"हे म्हणजे… तुम्ही, बाबा."

लागलं ते परिशिष्टरावांना. पण अट म्हणजे अट. त्यांनी ती इतक्या काटेकोरपणे पाळली, की दुसऱ्याच आठवड्यात कॉरिडॉरमध्ये मुलीचा धक्का लागला तेव्हा ते "माफ करा हं, मॅडम," म्हणून भिंतीला चिकटले, आणि तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, "किती सभ्य आहेत ना ते काका!"

वर्गात अकरा पोरं आणि परिशिष्टराव. शिकवायला एक शिडशिडीत बाई होत्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "उभे राहा. पाच मिनिटं काहीही करायचं नाही." पोरं उभी राहिली. परिशिष्टरावांनी पहिल्या मिनिटात घड्याळ पाहिलं, चष्मा सरळ केला, पंखा कुणी चालू ठेवलाय ते पाहिलं, खिसा चाचपला आणि तास संपल्यावर पावती कुठे मिळते असं विचारलं.

"काका, तुमचा हात सारखा खिशाकडे का जातो?"

"पेन आहे का बघतो."

"पेन बाहेर ठेवून यायचं. मूकाभिनयात खरी वस्तू चालत नाही."

पेनाशिवाय परिशिष्टरावांना उघडंवाघडं वाटे. त्यातून वर्गाचा पोशाख काळा, अंगाला घट्ट, बिनखिशाचा. तो घालून ते आरशासमोर उभे राहिले तेव्हा बायकोने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग म्हणाली, "हे घालून जिना उतरायचा नाही." पोशाखावर शर्ट-पँट चढवून जायचं ठरलं. आणि नवऱ्याचा जीव कशात आहे हे ओळखून तिने काळ्या पोशाखाला आतून डाव्या बाजूला पेनापुरता एक खिसा शिवून दिला. पेन वापरायचं नाही, नुसतं जवळ असू द्यायचं.

सरावाने घरादाराची झोप उडाली नाही एवढंच, बाकी सगळं उडालं. परिशिष्टराव बाल्कनीत काल्पनिक दोर ओढत असताना समोरच्या ड्रिलमास्तरांना वाटलं गृहस्थाला झटका आला. त्यांनी धावत येऊन परिशिष्टरावांना आडवं पाडलं आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. "मी बरा आहे" हे सांगायला परिशिष्टरावांना तोंड उघडायची संधीच मिळेना. बरगडी आठ दिवस दुखत होती. मग त्यांनी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत भिंतीचा सराव चालवला. समोर काच आहे असं मानून तिच्यावर तळवे टेकवत सरकायचं. एका अर्जदाराने ते पाहिलं आणि तक्रार केली, की खिडकीत काच नसताना हेडक्लार्क काच पुसत आहेत, म्हणजे काचेचा खर्च कागदोपत्री झालेला दिसतो. वरिष्ठांनी खुलासा मागवला. परिशिष्टरावांनी तीन पानी खुलासा दिला, सोबत दोन परिशिष्टं.

पण हे सगळं किरकोळ ठरलं. खरी पंचाईत केली ती अंगठ्याने.

विद्यापीठात हजेरीला यंत्र होतं. अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागायचा, हजेरी लागायची. परिशिष्टरावांनी अंगठा ठेवला की यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणे, "पुन्हा प्रयत्न करा." तीस वर्षं शिक्के दाबून आणि कागद मोजून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसून गेल्या होत्या. कधी सातव्या प्रयत्नात दिवा लागे, बऱ्याचदा लागतच नसे. कचेरीतून धापा टाकत यायचं, यंत्राशी हुज्जत घालायची, वर्गात जाऊन घाम पुसायचा, असं चाललं होतं. औषधवाल्याने ग्लिसरीन दिलं. ड्रिलमास्तरांनी अंगठा विटेवर घासायला सांगितलं, म्हणजे नव्या रेषा फुटतील म्हणे. ग्लिसरीनने यंत्रच चिकट झालं आणि मागच्या पोराचाही अंगठा उमटेना.

सहामाहीला फलकावर यादी लागली. परिशिष्टरावांची हजेरी एक्केचाळीस टक्के. रोज जाऊन! त्याच दिवशी मुलीला विद्यापीठाचं पत्र मिळालं, की सहविद्यार्थ्याची हजेरी सुधारली नाही तर आपला निकाल राखून ठेवला जाईल.

त्यांनी तिला पाहिलं ते ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. मांडीवर पत्र होतं आणि ती रडत होती, अगदी लहानपणी रडायची तशी, आवाज न करता. परिशिष्टराव दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. अट. आजूबाजूला पोरंपोरी होती. जवळ जाता येईना, परत फिरवेना. पाय जागच्या जागी वळवळू लागले. मग त्यांनी काय केलं, तर समोर भिंत आहे असं मानून तिच्यावर दोन्ही तळवे टेकवले. भिंत चाचपली. तिला दार नव्हतं. खांद्याने ढकलून पाहिली. वरून उडी मारता येईल का ते पाहिलं. शेवटी भिंतीला एक छोटं भोक सापडलं, त्यातून त्यांनी बोटाने एक काल्पनिक रुमाल पलीकडे सारला.

मुलीने वर पाहिलं आणि डोळ्यांत पाणी असतानाच ती फस्सकन हसली. दोन-चार पोरांनी टाळ्या वाजवल्या. जाता जाता कुणीतरी परिशिष्टरावांच्या पायाशी दोन नाणी टाकली. हेडक्लार्क माणूस! कान लाल झाले त्यांचे. नाणी उचलून त्यांनी ग्रंथालयाच्या देणगीपेटीत टाकली.

दुसऱ्या दिवशी रजा काढून ते हजेरी दुरुस्तीच्या खिडकीवर गेले. खिडकीच्या या बाजूला उभं राहायची सवय त्यांना नव्हती. खिडकी कमरेएवढ्या उंचीवर होती, त्यामुळे बोलायचं तर वाकावं लागे. आत एक बुटका कारकून होता. त्याने अर्ज पाहिला आणि परत सारला. फोटोत दात दिसत होते.

परिशिष्टरावांच्या हातचा अर्ज परत आला!

ते न हसणारा फोटो काढून आले, तोवर जेवणाची सुट्टी झाली होती. सुट्टीनंतर पुन्हा रांग. या वेळी सही निळ्या शाईत होती, काळी हवी होती. तिसऱ्या वेळी कारकून म्हणाला, "अर्जावर अंगठ्याचा ठसा लागेल."

"अहो, अंगठा उमटत नाही, म्हणून तर अर्ज आहे!"

"ते बरोबर आहे. पण ठसा नाही तर अर्ज कुणाचा समजायचा?"

परिशिष्टरावांनी वाद घातला नाही. त्यांना एकाएकी आठवलं, की गेल्याच महिन्यात एका म्हाताऱ्याला त्यांनी अशाच कारणासाठी चार वेळा परत पाठवलं होतं, आणि पाचव्या वेळी तो आलाच नाही. त्या वेळी त्यांना वाटलं होतं, काम मिटलं. आता वाकलेल्या पाठीतून एक कळ गेली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. एक गोल काळा डाग उमटला, रेष एकही नाही.

कारकून त्या डागाकडे पाहत राहिला. "किती वर्षं?"

"तीस. नोंदणी कचेरी."

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं आणि आपला अंगठा खिडकीतून बाहेर काढला. तोही तुळतुळीत. "माझी पगाराची हजेरी लागत नाही," तो हळूच म्हणाला. "वहीत सही करतो मी. तुमच्याही शिकवणाऱ्या बाई वहीत हजेरी मांडत असतीलच, ती मागवतो. तेवढं मला करता येतं."

हजेरी एकदाची सुटली. उरली परीक्षा.

बाहेरून आलेले परीक्षक नियमाने चालणारे होते. गळ्यात चष्म्याची साखळी, हातात वही. अट अशी, की दहा मिनिटांचा प्रवेश बसवायचा. बोललं तर शून्य. खरी वस्तू वापरली तर पाच गुण वजा. जोडीदार घ्यायचा तर परवानगीचा रीतसर अर्ज. पास व्हायला शंभरात पन्नास. परिशिष्टरावांना हे सगळं परिशिष्टासह पाठ होतं. जोडीदार त्यांनी घेतलेला नव्हता. "तुम्हाला जे नीट ठाऊक आहे तेच करा," एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

सभागृह विद्यार्थ्यांनी भरलेलं होतं. परिशिष्टराव काळ्या पोशाखात, पांढऱ्या तोंडाने रंगमंचावर आले तेव्हा हशा पिकला. त्यांच्या पोटाला तो पोशाख कधीच नीट बसला नव्हता.

त्यांनी रांग केली. बगलेत कागद धरून एक पाऊल पुढे, मग थांबणं. घड्याळ पाहणं, मान वाकडी करून पुढे किती आहेत ते मोजणं, पुन्हा एक पाऊल. वर्षभर बाई ज्या चुळबुळीवर ओरडत होत्या ती सगळी इथे कामाला आली. खिडकीशी वाकले, कागद सारले, कागद परत आले. पुन्हा रांगेच्या शेवटी. पोरं हसत होती. मग परिशिष्टराव वळून खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. चष्मा नाकावर घेतला, समोरच्याकडे न बघता कागद उलटला, आणि एका बोटाने परत ढकलला. ते बोट त्यांना शिकावं लागलं नव्हतं. सभागृह हळूहळू शांत झालं. शांतता शुल्क न भरता.

तिसऱ्यांदा कागद परत घेऊन ते रांगेच्या शेवटी जायला वळले, तर तिथे कुणीतरी उभं होतं. बगलेत काल्पनिक कागद धरून, मान वाकडी करून पुढे बघत, त्यांच्या मागचा नंबर लावून. त्यांची मुलगी.

"थांबा," परीक्षक म्हणाले. "ह्या कोण?"

परिशिष्टरावांनी तोंड उघडलं आणि घट्ट मिटलं. एक शब्द निघाला असता तर शून्य. आणि तशीही अट होती. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं.

"मी त्यांची मुलगी," ती म्हणाली, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात. "हे माझे बाबा आहेत."

मागच्या रांगांत कुजबुज उठली. तिच्या मैत्रिणी तिथेच होत्या.

"परवानगीशिवाय जोडीदार चालणार नाही."

तिने ओढणीत धरलेला कागद पुढे केला. परीक्षकांनी तो खालून वर वाचला. परिशिष्टरावांनी तिरक्या नजरेने पाहिलं. एकही रकाना रिकामा नव्हता. काळी शाई. तारीख आठ दिवसांपूर्वीची. म्हणजे पोरगी आठ दिवस हा कागद जवळ घेऊन फिरत होती! त्यांच्या तोंडाचा रंग डोळ्यांखाली ओला झाला.

"उमेदवाराची सही नाही," परीक्षक म्हणाले.

"सही मागायची तर त्यांना आधी सांगावं लागलं असतं," मुलगी म्हणाली.

"सहीशिवाय अर्ज ग्राह्य नाही. तुम्ही खाली उतरा."

परीक्षकांचं बरोबर होतं. परिशिष्टरावांनीही हेच सांगितलं असतं. मुलगी जायला वळली, तेवढ्यात परिशिष्टरावांनी पोशाखाच्या गळ्यातून हात घातला. आतून डाव्या बाजूला. आणि खरंखुरं पेन बाहेर काढून, टोपण उघडून, परीक्षकांच्या हातातल्या कागदावर लफ्फेदार सही केली.

बाईंनी कपाळाला हात लावला. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि अर्ज खाली ठेवला. "चालू द्या."

मग बाप-लेक रांगेत उभे राहिले. एक पाऊल पुढे गेले, थांबले. दोघांनी एकाच वेळी घड्याळ पाहिलं. घंटा वाजेपर्यंत त्यांचा नंबर काही लागला नाही.

पंधरा दिवसांनी गुणपत्रिका आली. परिशिष्टरावांना शंभरपैकी एक्कावन्न. खाली लाल शाईत शेरा: खरी वस्तू वापरल्याबद्दल पाच गुण वजा. मुलीचा निकाल त्याच दिवशी मोकळा झाला. ती पहिल्या वर्गात आली होती.

अपील करायला तीस दिवसांची मुदत असते, हे परिशिष्टरावांना माहीत होतं. आणीबाणीत पेन वापरायला हरकत नाही अशी एक तळटीपही त्यांना सापडली होती. त्यांनी अर्ज आणला, टेबलाशी बसून काळ्या शाईत सगळे रकाने भरले, न हसणारा फोटो चिकटवला, आणि माहितीपुस्तकात पान एक्केचाळीसशी घालून ठेवला.

तिसाव्या दिवशी बायकोने विचारलं, "अहो, अर्ज देऊन आलात का?"

"नाही."

"का? परत येईल म्हणून?"

"छे." परिशिष्टराव खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले. "राहू देत ते पाच गुण त्यांच्याकडे."